सॉल्ट क्रीकची जीपवाट: दहा वर्षं मोजायची कुठून?

अमेरिकेत युटा राज्याच्या आग्नेय कोपऱ्यात सॅन हुआन नावाची काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग, आहे. तिथे कॅनियनलँड्स नॅशनल पार्कच्या नीडल्स भागात सॉल्ट क्रीक नावाचा ओढा आहे आणि त्या ओढ्याच्या पात्रातून, कधी पाण्यातून कधी वाळूतून, १२.३ मैलांची म्हणजे वीसेक किलोमीटरची एक जीपवाट जाते. तिला रस्ता म्हणायचं की नाही यावरूनच सगळं भांडण झालं. काउंटीचं म्हणणं, हा जुना सार्वजनिक रस्ता आहे, पार्क व्हायच्या आधीपासून लोक इथून जातायत, त्यामुळे पार्कवाल्यांना तो बंद करायचा हक्क नाही. पार्क सर्व्हिसचं म्हणणं, लोक जात असतील, पण त्यानं सार्वजनिक हक्क तयार होत नाही. केस २००४ मध्ये सुरू झाली, निकाल २०११ मध्ये, अपिलाचा निकाल २०१४ मध्ये, काउंटी दोन्हीकडे हरली. का हरली ते नीट बघण्यासारखं आहे, कारण युटामध्ये असे हजारो रस्ते अजून वादात आहेत आणि ही केस वाचली की बाकीच्यांत काय तपासायचं ते कळतं.

आधी कायदा. मूळ आहे १८६६ सालच्या खाणकायद्यात. २६ जुलैला काँग्रेसनं तो पास केला आणि त्याचं आठवं कलम जेमतेम एका वाक्याचं होतं: सार्वजनिक उपयोगासाठी राखून न ठेवलेल्या सरकारी जमिनीवरून हमरस्ते बांधायला जाण्यायेण्याचा हक्क देत आहोत. बस्स. पुढे कायद्यांचं एकत्र संकलन झालं, त्यात या कलमाला २४७७ नंबर मिळाला म्हणून आजही सगळे त्याला आर.एस. २४७७ म्हणतात. यात अर्ज नाही, नकाशा नाही, कुणा साहेबाची सही नाही, दप्तरी नोंद तर नाहीच. त्या काळी पश्चिमेत माणसं वसवायची होती, खाणी काढायच्या होत्या, वॉशिंग्टनला बसून कोण कुठून बैलगाडी हाकतोय ते बघायला वेळ कुणाला होता. लोकांनी वाट पाडली, वापरली, हक्क लागू झाला.

हे असं ११० वर्षं चाललं. २१ ऑक्टोबर १९७६ ला फेडरल जमिनींसाठी नवा मोठा कायदा आला, ज्याला तिकडे फ्लिप्मा म्हणतात, आणि त्यानं आर.एस. २४७७ रद्द केलं, पण तोवर जे हक्क वैधपणे तयार झाले होते ते मात्र शाबूत ठेवले. आता मेख बघा: शाबूत ठेवले, पण कुठले ते कुणालाच माहीत नाही, कारण यादी कधी केलीच नव्हती. नोंदीशिवाय मिळालेला हक्क ५०-६० वर्षांनी कोर्टात सिद्ध करायचा.

सिद्ध कसा करायचा याची मोजपट्टी फेडरल नाही, राज्याची. म्हणजे हक्क देणारा कायदा वॉशिंग्टनचा, पण तो लोकांनी स्वीकारला की नाही हे त्या त्या राज्याच्या कायद्यावरून ठरतं. ॲरिझोनात नुसत्या वापरानं सार्वजनिक रस्ता तयार होत नाही, सरकारी पातळीवर रीतसर ठराव वगैरे लागतो. युटात मात्र जुन्या काळापासून नियम असा की सार्वजनिक रस्ता म्हणून दहा वर्षं सलग, खंड न पडता वापर झाला की तो रस्ता जनतेचा. त्यामुळे एकच फेडरल कलम, पण सीमेच्या या बाजूला दावा जिवंत आणि त्या बाजूला मेलेला असं होऊ शकतं. मला हे कायम विचित्र वाटत आलंय, पण आहे ते असं आहे.

हे ठरलं एका वेगळ्याच राड्यातून. १९९६ च्या सप्टेंबरात राष्ट्राध्यक्ष क्लिंटननी दक्षिण युटात ग्रँड स्टेअरकेस-एस्कलांटे नॅशनल मॉन्युमेंट, म्हणजे मोठा संरक्षित प्रदेश, जाहीर केलं, स्थानिक लोक भडकलेच, आणि त्याच सप्टेंबर-ऑक्टोबरात सॅन हुआन, केन आणि गारफिल्ड अशा तीन काउंट्यांच्या माणसांनी बीएलएमच्या, म्हणजे ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या जमिनीवरच्या वाटांवर थेट ग्रेडर, म्हणजे रस्ता सपाट करायची यंत्रं, फिरवले, परवानगी न घेता, रस्ते आमचेच आहेत म्हणून. साउदर्न युटा विल्डरनेस अलायन्स ही पर्यावरणवाल्यांची संस्था कोर्टात गेली. २००५ मध्ये डेन्व्हरच्या टेन्थ सर्किट अपील कोर्टानं त्यात लांबलचक निकाल दिला, न्यायाधीश मायकेल मॅकॉनेल यांनी लिहिलेला, आणि पुढच्या सगळ्या केसेस त्यावर उभ्या आहेत. त्यात म्हटलं की असा हक्क आहे की नाही याचा बंधनकारक निर्णय बीएलएम देऊ शकत नाही, तो कोर्टानंच द्यायचा. आपल्याकडे शेतरस्ता अडवला की माणूस मामलेदार कोर्ट ॲक्टच्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे जातो आणि तहसीलदारच आदेश काढतो, तिकडे तशी सोयच नाही, प्रत्येक वाटेसाठी फेडरल कोर्ट. पुढे असंही म्हटलं की बांधकाम म्हणजे मशीन लावूनच रस्ता केला पाहिजे असं नाही, वापरानं पडलेली वाटही चालेल. पण पुराव्याचा बोजा दावा करणाऱ्यावर, आणि शंका राहिली तर ती सरकारच्या बाजूनं.

आता सॉल्ट क्रीककडे या. इथली सगळ्यात महत्त्वाची तारीख १९७६ ची नाहीच. १८६६ च्या वाक्यात ते जे 'राखून न ठेवलेल्या' आहे ना, तिथे गोम आहे. १२ सप्टेंबर १९६४ ला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी कॅनियनलँड्स नॅशनल पार्कच्या कायद्यावर सही केली आणि त्या क्षणी ती जमीन राखीव झाली. त्यानंतर तिथून कितीही जीप गेल्या तरी हक्क तयार व्हायला त्यांचा काही उपयोग नाही. म्हणजे दहा वर्षं मागे मोजा: काउंटीला दाखवायला हवं होतं की उशिरात उशिरा १२ सप्टेंबर १९५४ पासून सर्वसामान्य लोक तिथून सलग, कुणाच्या परवानगीशिवाय, रस्ता म्हणून जात होते. किंवा त्याच्याही आधी कधीतरी अशी दहा वर्षं होऊन गेली होती.

कागदावर हे सोपं वाटतं. आता तो प्रदेश डोळ्यासमोर आणा. १८९० च्या दशकात ली कर्क नावाच्या माणसानं वरच्या सॉल्ट क्रीकमध्ये लाकडी केबिन बांधून शेती-गुरं करायचा प्रयत्न केला, ती केबिन अजून उभी आहे. मग गुरंवाले. या भागात ॲल स्कोरप हे मोठं नाव, डगआउट रांचवरून त्याची स्कोरप-सॉमरव्हिल कॅटल कंपनी चालायची, हजारो गुरं, आणि ती या दऱ्याखोऱ्यांतून चरायची. गुरं ओढ्याच्या काठानं वर-खाली जायची, काऊबॉय घोड्यावर. मोटरगाडी जायचा प्रश्नच नव्हता. दुसरं महायुद्ध संपलं, सैन्याच्या जीप लोकांच्या हातात आल्या, आणि जुलै १९५२ मध्ये चार्ली स्टीनला याच काउंटीत, लिस्बन व्हॅलीजवळ, युरेनियमचा मोठा साठा सापडला, ती त्याची मि विदा खाण. मग काय, जो तो गायगर काउंटर घेऊन डोंगरात. नीडल्सच्या भागात जीप दिसायला लागल्या त्या मुख्यतः या लाटेत आणि तिच्या मागून आलेल्या हौशी लोकांमुळे, ज्यांना तिथली एंजल आर्च ही दगडाची नैसर्गिक कमान बघायची होती.

म्हणजे काउंटीच्या वकिलांपुढचं गणित असं: १९५२ मध्ये युरेनियमची धावपळ, १९६४ मध्ये पार्क, मध्ये मिळाली जेमतेम बारा वर्षं, त्यातली दहा सलग दाखवायची. दोन वर्षांचा काय तो सैलपणा. त्या काळात मोजकी माणसं, मोजक्या फेऱ्या, नोंद ठेवायची कुणाला गरज नाही. त्याआधीचा काळ घ्यायचा तर तो सगळा गुरांचा.

गंमत म्हणजे पार्क तयार करण्यामागेही जीपच होती. बेट्स विल्सन, जे नंतर कॅनियनलँड्सचे पहिले सुपरिंटेंडंट झाले, ते त्या वेळी आर्चेस या जवळच्याच संरक्षित भागात कामाला होते आणि नीडल्सच्या भागात जीपनं माणसं फिरवून हा भाग जपायला हवा हे पटवायचे. १९६१ मध्ये इंटिरियर खात्याचे, म्हणजे अमेरिकेत जे सरकारी जमिनी आणि पार्क बघतं त्या खात्याचे मंत्री स्ट्युअर्ट युडॉल यांनाही त्यांनी फिरवलं. पण सरकारी माणसानं सरकारी कामासाठी मारलेल्या फेऱ्या म्हणजे जनतेची वहिवाट नव्हे.

पार्क झाल्यावरही कित्येक वर्षं जीप जातच होत्या. ओढा तिथला महत्त्वाचा पाण्याचा स्रोत, कोलोरॅडो आणि ग्रीन या दोन नद्या सोडल्या तर त्या कोरड्या पार्कात वर्षभर पाणी असणारी अशी दुसरी जागा शोधूनही मिळणार नाही, आणि गाड्या त्याच पाण्यातून. गाळात अडकायच्या, इंजिनचं ऑइल पाण्यात सांडायचं. शिवाय दरीत प्राचीन पुएब्लो लोकांची घरं, धान्याच्या कोठ्या, भिंतीवरची चित्रं इतकी की सगळा भागच राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत आहे. १९९५ मध्ये पार्कनं गेट लावून रोज मोजक्याच गाड्यांना परमिट द्यायचं ठरवलं. साउदर्न युटा विल्डरनेस अलायन्सला तेवढंही मान्य नव्हतं, ते कोर्टात गेले, १९९८ मध्ये फेडरल जिल्हा कोर्टानं या वाटेवरच्या पीकाबू स्प्रिंग या झऱ्याच्या वर गाड्या सोडणं म्हणजे पार्कचं कायमचं नुकसान असं म्हटलं, २००० मध्ये अपील कोर्टानं तो निकाल परत पाठवला, मग पार्कनं अभ्यास वगैरे करून २००४ मध्ये नियमच काढला की गाड्या बंद. आणि मग काउंटीनं मालकीचा दावा लावला, राज्यही सोबत आलं.

इथे एक गोष्ट बऱ्याच लोकांच्या लक्षात येत नाही. १९९८ च्या केसमध्ये पाणी, मासे, झाडं, भग्नावशेष हेच मुद्दे होते. २००४ च्या केसमध्ये यातल्या एकालाही जागा नाही. मालकीच्या दाव्यात प्रश्न एकच, १९६४ च्या आधी हक्क तयार झाला होता का. झाला असेल तर ओढ्याचं वाटोळं होत असलं तरी हक्क आहे, झाला नसेल तर गाडीनं एक पानही हललं नाही तरी हक्क नाही. म्हणून विल्डरनेस अलायन्सनं या केसमध्ये पक्षकार व्हायचा प्रयत्न केला तेव्हा तो फसला, २००७ मध्ये पूर्ण अपील कोर्ट बसलं आणि त्यांना आत घेतलं नाही. भांडण दोन सरकारांतलं राहिलं, एक काउंटी-राज्य, एक फेडरल.

सरकारनं आधी तांत्रिक बचाव घेतला. फेडरल सरकारवर मालकीचा दावा लावायला १९७२ चा क्वाएट टायटल ॲक्ट आहे, त्यात बारा वर्षांची मुदत, आणि सरकार म्हणालं की तुम्हाला आमची भूमिका केव्हाच कळली होती, उशीर झाला. अपील कोर्टानं हे मानलं नाही. पार्क झालं आणि लोकही वाट वापरत राहिले, यातून काउंटीला 'तुमचा हक्क आम्ही नाकारतोय' असा स्पष्ट इशारा मिळत नाही, असं काहीसं तर्कशास्त्र. मला हे बरोबर वाटतं, नाहीतर प्रत्येक काउंटीला आपल्या प्रत्येक वाटेसाठी आधीच केस टाकून ठेवावी लागली असती.

मग खरा मुद्दा. जिल्हा न्यायाधीश ब्रूस जेंकिन्स यांच्यापुढे २००९ मध्ये साक्षीपुरावा झाला. युटाच्या कायद्यात अशा हक्कासाठी पुरावा नुसता जास्त वजनाचा असून भागत नाही, तो स्पष्ट आणि ठाम लागतो. काउंटीनं गुरंवाले आणले, खाणी शोधणारे आणले, स्काउट, पर्यटक सगळे. कोर्टानं प्रत्येक प्रकार वेगळा करून बघितला आणि माझ्या मते निकालाचा जीव तिथेच आहे.

गुरांचं घ्या. काउंटीची आशा एका जुन्या केसवर होती. १९२९ मध्ये युटाच्या सुप्रीम कोर्टानं लिंडसे लँड अँड लाइव्हस्टॉक विरुद्ध चर्नोस यात मेंढ्यांची वाटसुद्धा सार्वजनिक रस्ता मानली होती. मग इथे गुरांची का नाही? कारण तिथे अनेक मालकांचे कळप आणि इतर लोकही ती वाट एका सार्वजनिक ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जायला वापरत होते. सॉल्ट क्रीकमध्ये गुरं नेणारे म्हणजे तिथे चराईचा ताबा किंवा परवाना असलेला एखादा मालक. तो आपल्या कुरणात आपली गुरं घेऊन जात होता. हे आपल्या धंद्यासाठीचं जाणंयेणं झालं. शंभर वर्षं एकच माणूस आपल्या शेतात गेला तर ती वाट त्याची पडते, गावाची नाही पडत.

बाकी राहिले खाणवाले आणि हौशी. त्यांच्या फेऱ्या होत्या यात वाद नाही. पण १९५४ च्या आधीपासून, सलग, लोकांना वाटेल तेव्हा आणि गरज पडेल तेव्हा असा वापर होता हे त्या तुटक आठवणींतून ठामपणे निघत नव्हतं. मे २०११ मध्ये जेंकिन्स यांनी दावा फेटाळला. ओढ्याच्या सरकत्या वाळूतली, पुरानं पुसली जाणारी जीपवाट ही आडवाट आहे, हमरस्ता नाही, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं. एप्रिल २०१४ मध्ये टेन्थ सर्किटनं तो निकाल कायम केला.

पुरानं पुसली जाणारी वाट हा मुद्दा मला स्वतःला तितका पटत नाही. कोकणात काय किंवा युटात काय, पावसानं वाहून जाणारा रस्ताही रस्ताच असतो, लोक पुन्हा पाडतात. जेंकिन्स यांनी त्यावरच निकाल दिला असता तर तो कच्चा ठरला असता. पण खालचा पाया वेगळा होता, कोण गेलं आणि कधीपासून, आणि तो पक्का होता. विरळ वस्तीच्या प्रदेशाला 'सार्वजनिक' ही अट जाचक आहे हे खरं, वर्षाला दहा माणसं जाणं हीच तिथे गर्दी. युटाच्या कोर्टांना हे माहीत आहे म्हणून तर ते वापराचा आकडा ठरवून देत नाहीत, गरजेप्रमाणे जाता येत होतं का एवढं बघतात. तेवढंसुद्धा इथे भरलं नाही.

आता त्याच वर्षी, त्याच अपील कोर्टातून आलेली केन काउंटीची केस शेजारी ठेवा. पंधरा रस्ते होते, जिल्हा कोर्टात न्यायाधीश क्लार्क वॉडप्स यांच्यापुढे केननं त्यातले बारा जिंकले होते. अपिलात त्यातले काही पडले, त्याचं कारणही ऐकण्यासारखं: काही रस्त्यांबद्दल फेडरल सरकारनं वादच घातला नव्हता, आणि वादच नाही तर क्वाएट टायटल ॲक्टखाली कोर्टाला हात घालता येत नाही. म्हणजे ज्या रस्त्यावर कुणाची हरकत नाही त्याचा कागद मात्र मिळत नाही. काउंटीवाले यावर वैतागले असतील तर त्यांना दोष देणार नाही मी. पण उरलेल्यांत केन तरली आणि सॅन हुआन बुडाली, याचं मोठं कारण कॅलेंडर आहे. केनचे बहुतेक रस्ते साध्या बीएलएमच्या जमिनीवर होते, मॉन्युमेंट आलं १९९६ मध्ये, म्हणजे त्यांची मुदत १९७६ पर्यंत चालू. १९६६ ते १९७६ मधला वापर दाखवला तरी दहा वर्षं भरतात, आणि साठच्या दशकात गाड्या, शिकारी, पर्यटक, काउंटीचा ग्रेडर, सगळं होतं, बघितलेली माणसंही हयात. सॉल्ट क्रीकची खिडकी बारा वर्षं आधीच बंद झालेली.

त्यामुळे अशी कुठलीही फाइल हातात आली की मी पहिल्यांदा रस्त्याचा फोटो बघत नाही, ती जमीन पहिल्यांदा कधी आणि कशासाठी राखीव झाली ते बघतो. पार्क, फॉरेस्ट, सैन्याची रेंज, जे असेल ते. त्या तारखेतून दहा वर्षं वजा करा आणि मग पुरावा त्या चौकटीत बसतो का बघा. जुने टोपो, म्हणजे जमिनीचे चढउतार दाखवणारे नकाशे फार भाव खातात, त्यात तुटक रेषेनं जीप ट्रेल दाखवलेली असते, पण नकाशा सांगतो वाट होती, कोण जात होतं ते नाही सांगत. हवाई फोटोचं तेच. काउंट्यांचे डी क्लास, म्हणजे कच्च्या रस्त्यांचे नकाशे तर सत्तरच्या दशकाच्या शेवटी कायदा आल्यावर निघाले, म्हणजे ते स्वतःच मुदतीनंतरचे, त्यावर कितीही ठळक रेघ असली तरी आधीच्या वापराचा पुरावा म्हणून फार कामाचे नाहीत. साक्षीदाराला 'रस्ता होता का' असं विचारून काही हाती लागत नाही. तुम्ही कुठल्या साली गेलात, कशासाठी, कुणाला विचारलं का, वाटेत कोण भेटलं, गेट होतं का, हे विचारावं लागतं.

दावा सिद्ध झाला तरी रुंदीचा वाद वेगळा उरतो. हक्क मिळतो तो १९७६ च्या किंवा राखीव झाल्याच्या तारखेच्या वापराइतकाच, त्यात त्या वापराला सुरक्षितपणे पुरेल इतकी वाजवी वाढ धरता येते. बर ट्रेल या युटातल्याच दुसऱ्या रस्त्याच्या १९८८ च्या केसपासून हे चालत आलंय आणि केनच्या केसमध्येही अपील कोर्टानं रुंदीचा भाग परत पाठवला.

२०११-१२ मध्ये युटा राज्यानं आपल्या काउंट्यांसोबत बारा हजारांहून जास्त रस्त्यांसाठी दावे लावून ठेवलेत. सगळे एकदम चालवणं अशक्य, म्हणून आधी केनमधले काही नमुन्याचे रस्ते घेतले गेले. दरम्यान वकील गावोगाव फिरून म्हाताऱ्या माणसांच्या जबान्या आधीच नोंदवून ठेवतायत, कारण १९६६ मध्ये विशीत असलेला माणूस आज ऐंशीच्या आसपास आहे. १९५४ मध्ये सॉल्ट क्रीकला जीप नेलेला साक्षीदार २००९ मध्ये मिळणंच किती कठीण होतं याचा अंदाज त्यावरून करा.